वखारीतली रेसकार

प्रिय कॅप्टन,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल तीनदा वाचला. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेत समोरच्या संघाकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशिन आहे, मोठा स्पॉन्सर आहे, कार्बन फायबरचं बॉडीवर्क आहे. आपल्याकडे वर्कशॉपमधला जुना लेथ, वेल्डिंगचा एक सेट आणि अठरा पोरं. "अशात कॅप्टनने करायचं तरी काय?" असं तू विचारलंस. तुझ्या वयात मलाही हाच प्रश्न पडायचा, तेव्हा केन टिरेल यांच्या गोष्टीने मला धीर दिला होता. तीच तुला सांगतो.

टिरेल हे इंग्लंडमधल्या सरे परगण्यातले लाकडाचे व्यापारी. ऑकम गावात त्यांची वखार. तरुणपणी ते स्वतः छोट्या रेसकार चालवायचे, पण आपण पहिल्या फळीचे ड्रायव्हर होणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि १९६० मध्ये स्वतःची टीम काढली. वखारीच्या आवारातली लाकडी शेड हाच कारखाना. पत्नी नोरा शर्यतीच्या वेळी लॅप चार्ट, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंद, लिहायच्या आणि मेकॅनिकांच्या खाण्याचंही बघायच्या. या टीमच्या गाडीने १९७१ मध्ये फॉर्म्युला वनची दोन्ही विजेतेपदं जिंकली, ड्रायव्हरचं आणि कन्स्ट्रक्टरचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्या टीमचंही.

हे जमलं कसं, ते नीट बघ. माणूस हेरण्यात टिरेल यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९६४ मध्ये गुडवुडच्या ट्रॅकवर त्यांनी जॅकी स्टुअर्ट नावाच्या नवख्या मुलाची चाचणी घेतली. त्याच गाडीत ब्रूस मॅक्लॅरेन या नावाजलेल्या ड्रायव्हरनी आधी वेळ लावून ठेवली होती. पोराने ती मोडली. मॅक्लॅरेन पुन्हा गेले, पोराने पुन्हा मोडली. टिरेल यांनी त्याला फॉर्म्युला थ्री या खालच्या गटाच्या शर्यतींसाठी घेतलं आणि १९६९ मध्ये हाच स्टुअर्ट त्यांच्या टीमकडून, मात्रा या फ्रेंच कंपनीच्या चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर), विश्वविजेता झाला.

लगेच पुढच्या वर्षी अडचण आली. मात्राला आपलंच व्ही-१२ इंजिन लावायचं होतं, तर टिरेल आणि स्टुअर्ट यांचा भरवसा फोर्ड कॉसवर्थ इंजिनवर. तेव्हा टिरेल यांनी मार्च कंपनीच्या गाड्या विकत घेऊन हंगाम सुरू केला आणि डेरेक गार्डनर नावाच्या इंजिनिअरला गुपचूप स्वतःची गाडी आखायला सांगितलं. गार्डनरने आपल्या राहत्या घरी ड्रॉइंग केली, घरच्या गॅरेजमध्ये लाकडाचा नमुना उभा केला. ऑगस्ट १९७० मध्ये ती गाडी ट्रॅकवर उतरली. त्याच हंगामात कॅनडाच्या शर्यतीत स्टुअर्टने तिच्यात पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली आणि आघाडीही घेतली, पण स्टब ॲक्सल, म्हणजे चाकाचा आखूड आस, तुटला. वर्षभराने तीच टीम जगज्जेती होती. तुझ्या होस्टेलच्या खोलीत टेबलावर सस्पेन्शनची ड्रॉइंग पसरलेली असतात म्हणून तू खंतावतेस. अजिबात खंतावू नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. १९७३. स्टुअर्टचं तिसरं विजेतेपद नक्की झालं होतं. अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनची शर्यत त्याची शंभरावी, आणि त्यानंतर निवृत्ती, हे टिरेल यांना माहीत होतं. त्याच्या जागी टीमचा पहिला ड्रायव्हर होणार होता फ्रान्स्वा सेव्हेर, त्यांनी वाढवलेला तरुण. ही गोष्ट खुद्द सेव्हेरला मात्र कोणी सांगितली नव्हती. ६ ऑक्टोबरला सरावाच्या फेरीत त्याची गाडी गार्डरेलवर आदळली आणि तो जागीच गेला. कन्स्ट्रक्टरच्या विजेतेपदासाठी लोटस या टीमशी अजून चुरस होती. तरी टिरेल यांनी आपल्या सगळ्या गाड्या मागे घेतल्या. स्टुअर्टची शंभरावी शर्यत झालीच नाही, विजेतेपद लोटसकडे गेलं. तो निर्णय मला आजही थोर वाटतो. आणि न सांगितलेली ती गोष्ट तितकीच टोचते. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे तुमच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, दुसऱ्या टप्प्याला गाडीत कोण बसणार हे तू मनाशी ठरवलंयस, पण त्या मुलाला अजून बोललेली नाहीस. आजच बोल.

टिरेलची सहा चाकांची पी-३४ गाडी तुला ठाऊकच आहे. पुढे चार छोटी चाकं, १९७६ मध्ये स्वीडनला पहिला आणि दुसरा नंबर. पुढच्या वर्षी ती मागे पडली, कारण तेवढे छोटे टायर जगात एकाच गाडीला लागत होते आणि टायर कंपनी मागच्या टायरइतकी त्यांच्यावर मेहनत घेत नव्हती. तुझ्या त्या खास अपराइटचा, म्हणजे चाकाचा हब धरून ठेवणाऱ्या भागाचा, व्हेंडर एकटाच आहे, त्याचा विचार कर.

स्पर्धेला द्यायच्या कॉस्ट रिपोर्टमधले, म्हणजे गाडीच्या खर्चाच्या हिशेबातले, एक-दोन आकडे 'जुळवून' घेण्याबद्दल तू विचारलंस. १९८४ मध्ये सगळे टर्बो इंजिनवर गेले असताना टिरेलची टीम मागे राहिली होती. हलक्या गाडीचं वजन शेवटी नियमाइतकं भरावं म्हणून तिच्या पाण्याच्या टाकीत शर्यत संपता संपता पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्या भरल्या जात. त्यावरून टीमचे त्या हंगामातले सगळे गुण काढून घेतले गेले. त्यामागे राजकारण होतं असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि शिक्षा अपराधाहून मोठी होती असं मलाही वाटतं. पण मार्टिन ब्रंडलचा डेट्रॉइटचा दुसरा क्रमांक आणि स्टेफान बेलोफचा मोनॅकोचा तिसरा क्रमांक त्यात पुसला गेला. चालवणारी पोरं होती, निर्णय वरच्यांचा होता. आकडे आहेत तसेच दे.

शेवटी पैसा आटला आणि टीम विकावी लागली. १९९८ च्या हंगामाआधी नव्या मालकांनी पैसे आणणारा ड्रायव्हर निवडला. टिरेल यांना दुसराच हवा होता. जिच्यावर स्वतःचं नाव होतं त्या टीममधून म्हातारा उठून बाहेर पडला. त्या टीमची फॉर्म्युला वनमधली जागा पुढे हात बदलत बीएआर, होंडा, ब्रॉन अशा टीमा करत मर्सिडीजपर्यंत गेली. ते बघायला ते नव्हते, २००१ मध्येच गेले.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी कॅप्टन असताना टेस्टिंगच्या आदल्या रात्री आमचा एक मुलगा सलग दुसरी रात्र जागत होता. त्याचे डोळे लाल झालेले मी पाहिले आणि तरी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बसवायला त्यालाच सांगितलं, कारण त्याचा हात सगळ्यांत चांगला होता. सकाळी तिसऱ्या फेरीला पुढचं डावं चाक निखळून मैदानाच्या कुंपणापर्यंत घरंगळत गेलं. नट सैल होऊ नये म्हणून त्यात घालायची स्प्लिट पिन लावायचीच राहिली होती. कोणाला लागलं नाही. तो मुलगा तासभर ती पिन मुठीत धरून बसला होता. चूक माझी होती, आणि ते मी त्याला चार दिवसांनी सांगितलं. चार दिवस फार झाले.

स्पर्धेसाठी कोइम्बतूरला निघायला अजून तीन आठवडे आहेत. रविवारी सकाळी गाडी स्टँडवर चढवून ठेव. माझा टॉर्क रेंच (नट नेमका किती आवळला ते दाखवणारा पाना) आणि तपासलेल्या नटावर खूण करायला पिवळा मार्कर घेऊन येतो, चारही हब एकत्र तपासू. शनिवारी रात्री आठनंतर वर्कशॉपला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःकडे ठेव. वेल्डिंग करणाऱ्या त्या दोघांना घरी पाठव, जेवून झोपू देत.

तुझा,
काका