बातम्यांमुळे लोकांचं मत खरंच बनतं, की लोक आपल्याला हवं तेवढंच त्यातून उचलतात?

मताचं नंतर बघू. बातमीने गोळ्या बंद होतात, हे मी घरातच पाहिलंय.

अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. एका रात्री वृत्तसंस्थेची बातमी आली: अमुक औषध घेणाऱ्यांत रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण १० हजारांत दोनवरून तीनवर गेलं. मी मथळा दिला, 'गुठळ्या १० हजारांत दोनऐवजी तीन'. मुख्य उपसंपादक खुर्चीमागे येऊन उभे. "हा मथळा आहे की गणिताचा पेपर?" म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं, 'औषधाने धोका ५० टक्क्यांनी वाढला'. गणित चुकलेलं नव्हतं, हीच तर गोम. वर ऐनवेळी जाहिरात आली म्हणून शेवटचा परिच्छेद उडाला. ते 'दोन' आणि 'तीन' त्यातच होते. तो परिच्छेद मीच कापला, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन. आत्याने गोळ्या सोडल्या होत्या. "तुझ्याच पेपरात आलंय ना, निम्म्या लोकांना होतं म्हणून!" तिला समजावून डॉक्टरांकडे न्यायला दोन आठवडे गेले. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "चुकीचं काय छापलं ते दाखव." दाखवता येईना. दुरुस्ती छापायची तर आधी चूक लागते.

हे एकट्या आत्याचं नाही. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका 'दुप्पट' होतो अशी बातमी झळकली. दुप्पट म्हणजे सात हजार बायकांत एकीऐवजी दोघी. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ते वेगळंच. (तिथे 'दुप्पट' हा शब्द सरकारी समितीच्या पत्रातच होता, सगळं पाप पत्रकारांच्या माथी नको.)

आता तुमचा प्रश्न. राजकारणात लोक इतके भोळे नसतात, हे मान्य. मॅककॉम्ब्ज आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या १०० कुंपणावरच्या मतदारांना विचारलं, तेव्हा त्यांना महत्त्वाचे वाटणारे मुद्दे आणि माध्यमांनी लावून धरलेले मुद्दे बरेचसे तेच निघाले. म्हणजे काय वाटावं यापेक्षा कशाबद्दल वाटावं, हे बातमी जास्त ठरवते. एवढ्यावरून कोण कोणामुळे, हे मात्र सिद्ध होत नाही.

टक्के दिसले की 'कितीचे?' विचारा. उत्तर बातमीत नसेल, तर कोणीतरी कापलंय असं समजा.

आणि साहेब, हे वाचत असाल तर: 'गुठळ्या १० हजारांत दोनऐवजी तीन' दोन कॉलमांत बसतं. मी नंतर लावून पाहिलंय.