चिल्लर हिंदी नव्हे, आणि होन हुणांचा तर नव्हेच

प्रश्न असा आलाय की 'चिल्लर' हिंदी शब्द आहे तर मराठीत त्याऐवजी सुट्टे किंवा मोड म्हणावं का. म्हणा की, कोण अडवतंय, रुपया मोडला की मोड येते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण चिल्लर हिंदी? हे ऐकलं की डोकं फिरतं माझं. बेळगावजवळच्या खानापूरच्या बसमध्ये पाचशेची नोट काढून बघा, कंडक्टर 'चिल्लरे इल्ला री' म्हणून खेकसतो तो काय हिंदी बोलतो काय? कानडीत चिल्लरे, तमिळमध्ये चिल्लरै. आणि हेच शुद्धीवाले 'खुर्दा' खुशाल मराठी म्हणून खपवतात, तो फारसी आहे ते चालतं.

खरी गंमत होन या शब्दात आहे. होन हुणांवरून आला असं ठासून सांगणारी विद्वान मंडळी मला वर्षातनं दोनदा तरी भेटतात. अहो, हूण आले वायव्येकडनं, पाचव्या-सहाव्या शतकात, त्यांचं नाव दख्खनच्या सोन्याच्या नाण्याला कशाला चिकटेल? आधार म्हणून फारसी कागदातलं 'हून' दाखवतात, पण फारसी लिपीत होन आणि हून लिहायला एकसारखंच, वाचणारा आपल्या मनातलं वाचतो!

कानडीत सोन्याला होन्नु म्हणतात, संपलं. जुन्या कानडीत तेच पोन्, तमिळमध्ये आजपण पोन्. कानडीनं मध्ययुगात शब्दाच्या सुरवातीचा प सोडून ह धरला, पालुचं हालु झालं (दूध), पुलिचं हुलि (वाघ), संस्कृत पणचं हण, म्हणजे पैसे. पुरावा लांब शोधायला नको, आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी घ्या. कदंब राजांच्या ताम्रपटांत ती पलाशिका आहे, पुढं गोव्याच्या कदंबांच्या वेळी पलसिगे बारा हजार हा प्रांत, आणि आज हलशी. ज्या वाटेनं पलसिगेची हलशी झाली त्याच वाटेनं पोन्चा होन. तरी आमच्या काही जणांना कानडी मूळ म्हटलं की ठसका लागतो, अहो भांडण सीमेचं आहे, प चा ह होताना कुणी ठराव पास केला नव्हता. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचं नाणं पाडलं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', त्याला होन म्हणताना त्यांना काही कमीपणा वाटला नाही, मग तुम्हाला का वाटतो?

हां, चिल्लर राहिलंच. बिनधास्त म्हणा. फक्त ढब्बू मिरचीला शिमला मिरची म्हणणाऱ्यांनी मला शुद्ध मराठी शिकवू नये, ढब्बू म्हणजे जुन्या काळचा तांब्याचा जाडजूड दोन पैशांचा तुकडा, तेव्हा आण्याला दोन आणि रुपयाला 32 यायचे.