पोहण्याचं सोडा, नळीचं हँडल बघा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा. आरओव्हीच्या, म्हणजे जहाजावरून चालवायच्या बिनमाणसाच्या पाणयानाच्या, दोन डाइव्ह मिळाल्यात, तीन हजार मीटरवरून गाळ आणायचाय, हातात चार महिने आहेत, आणि तुम्ही विचारताय की पोहण्याचा क्लास लावू का! सहा वर्षांपूर्वी बडोद्यात बसून मीही हेच केलं होतं. लालबागच्या पूलवर महिनाभर हातपाय मारले. डाइव्हच्या वेळी मात्र मी जहाजावर, एसी केबिनमध्ये, स्वेटर घालून खुर्चीत बसलेलो.

माणसं आत बसतात त्या यानांची गोष्ट निराळी. आपल्या ‘मत्स्य 6000’चा टायटॅनियमचा गोळा 2.1 मीटर व्यासाचा, त्यात तिघं, आणि नेहमीची मोहीम 12 तासांची. तिथेही पोहण्यापेक्षा अवघडून बसण्याची सवय जास्त कामाची. तुम्हाला तेही नाही.

माझं नुकसान झालं ते एका हँडलपायी. तळात खुपसून गाळाचा नमुना घ्यायच्या नळ्या मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. झकास काम. वर टी आकाराचं स्टीलचं हँडल, गोल, आरशासारखं पॉलिश केलेलं. मी घरी सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. समुद्रतळाशी यानाच्या जबड्याने ते धरलं आणि नळी गर्रकन फिरली. रेटून खुपसली, तर उपसताना तिरकी झाली आणि गाळ धुरासारखा पडद्यावर पसरला. सहापैकी चार नळ्या रिकाम्या वर आल्या. जहाजावरून यान चालवणारा पायलट बिचारा सॉरी म्हणत होता. चूक त्याची नव्हतीच.

हे आधी पाण्याच्या टाकीतल्या चाचणीत अर्ध्या तासात कळलं असतं. ती चाचणी बुडाली एका कार्यालयामुळे. नाव घेत नाही. उपकरणांचा फॉर्म वेळेत दिला होता. 47 दिवसांनी तो परत आला, कारण दुसऱ्या पानावर गोल शिक्का नव्हता. पहिल्या पानावर होता, हं! फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. शिक्का मारून पाठवेपर्यंत टाकीची तारीख गेली आणि नळ्या थेट बंदरावर पोचल्या. आजही गोल शिक्का दिसला की माझं डोकं फिरतं. गंमत म्हणजे ‘पाण्यातलं वजन’ हा रकाना मी कोरा सोडला होता, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. खरं तर अडवायला हवं होतं ते त्यासाठी, कारण यानाचं तरंगणं त्या आकड्यावर तोललेलं असतं.

तर तुम्ही हे करा. नळी ताणकाट्याला टांगून पाण्याच्या ड्रममध्ये पूर्ण बुडवा आणि आकडा लिहा. कुठेही बंद पोकळी ठेवू नका. दर 10 मीटरला जवळजवळ एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तुमच्याकडे तीनशेच्या वर. पोकळ हँडलला भोक पाडा. पॉलिश करू नका, पकडीला सपाट पट्ट्या वेल्ड करा. प्रत्येक यानाचा जबडा वेगळा असतो, त्यामुळे त्याची मापं चालवणाऱ्या चमूकडूनच मागा, माझ्यावर विसंबू नका. मी भूगर्भवाला, दोनच मोहिमा केलेला माणूस.

आणि तालीम करा, ती बोलण्याची. हात यानाचा, जॉयस्टिक पायलटची, आपल्याकडे फक्त तोंड. दुसऱ्या मोहिमेआधी मी गच्चीवर ड्रममध्ये माती कालवली, भाच्याच्या हातात सांडशी दिली आणि स्वतः जिन्यात बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत सूचना दिल्या. ‘अरे तिकडे, थोडं अजून’ असल्या सूचनांवर त्याने अर्धा तास नुसती माती ढवळली. ‘डावीकडे एक वीत, आता थांब’ म्हटलं तेव्हा जमलं. मिनिटाला तीस मीटर धरले तर तळ गाठायलाच शंभर मिनिटं जातात. खाली शब्द शोधत बसायला वेळ नसतो. कोणता नमुना आधी, वेळ कमी पडला तर कोणता सोडायचा, हे जमिनीवरच ठरवा. माझ्या मते पहिल्या डाइव्हला तीनच कामं ठेवा. गाईड दहा सांगतील. ऐकून घ्या, तीनच ठेवा.

जाता जाता: सगळी घड्याळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, लावा, नाहीतर व्हिडिओ आणि वही यांत साडेपाच तासांचा घोळ होतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज हलायच्या आधी घ्या. भाकरवडी न्या, पहिले दोन दिवस मला दुसरं काही गेलं नाही.

तो लेथवाला अजून मकरपुऱ्यातच आहे. नळी तयार झाली की दांडिया बाजारात आमच्याकडे घेऊन या. ड्रम गच्चीवरच पडलाय, भाचा मात्र आता सांडशी धरायचे पैसे मागतो.