पैसा फेडरलचा, कारभार प्रांताचा. फ्रेंच केंद्र बंद पडलं तर दाद कुणाकडे?

प्रश्न: मी मूळची पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि त्या भाषेच्या गुणांमुळेच मला कॅनडाची पीआर (कायमचा रहिवास) मिळाली. नागरिकत्व अजून नाही. पश्चिमेकडच्या एका प्रांतात (कृपया नाव छापू नका) फ्रेंच भाषकांना नोकरी शोधायला मदत करणारी एक ना-नफा संस्था आहे, तिथे मी समुपदेशक आहे. आम्हाला पैसे प्रांत देतो, पण ते मुळात फेडरल, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती सरकारकडून येतात. आता प्रांत सगळी केंद्रं एकत्र करतो आहे आणि आमचा करार वाढवणार नाही. त्याऐवजी इंग्रजी केंद्रात फ्रेंच बोलणारा एक कर्मचारी ठेवणार म्हणे. प्रांत सांगतो, आमच्यावर फ्रेंचची सक्ती नाही. फेडरल कार्यालय सांगतं, कारभार प्रांताचा आहे, तिकडे विचारा. दावा कुणावर लावायचा? मुळात मराठी मातृभाषेच्या, नागरिक नसलेल्या बाईला फ्रेंचसाठी भांडता येतं का? बेळगावचा मावसभाऊ म्हणतो, ‘तिथंही आमच्यासारखंच की!’ महिनाअखेरीपर्यंत संस्थेकडे एका समापनपत्रावर सही मागितली आहे.

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. भांडता येतं. ऑफिशियल लँग्वेजेस अ‍ॅक्टच्या (इंग्रजी-फ्रेंच या अधिकृत भाषांचा फेडरल कायदा) कलम ५८ मध्ये लिहिलंय की फेडरल भाषा आयुक्तांकडे तक्रार कोणीही करू शकतं, मग ती भाषा त्याला येत असो वा नसो. नागरिकत्वाची अट नाही, मातृभाषेचीही नाही. प्रश्न मुलांच्या फ्रेंच शाळेचा असता तर गोष्ट वेगळी होती. चार्टरच्या (कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या) कलम २३ चा हक्क फक्त नागरिक पालकांना आहे, आणि त्यातही ठरावीक पालकांनाच. तुमचा प्रश्न नोकरीसाठीच्या मदतीचा असल्याने ते कलम तुमच्या आड येत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रातला राग बहुतेक सगळा प्रांतावर आहे. तो मला समजतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो चुकीच्या दारावर थापा मारतोय. ऑफिशियल लँग्वेजेस अ‍ॅक्ट फेडरल संस्थांना बांधतो, प्रांताला नाही. दोन सरकारांमधल्या करारात फ्रेंचबद्दल एखादी ओळ असणारच, पण त्या करारावर तुमच्या संस्थेची सही नाही. भाऊबीजेला बहिणीला काय द्यायचं हे दोन भावांनी आपसात लिहून ठेवलं, तरी तो कागद दाखवून बहिणीला दावा लावता येत नाही. तेव्हा प्रांतावर ‘करार मोडला’ असा खटला घालण्यात पैसे घालवू नका. संस्थेचा स्वतःचा करार मुदत संपून जातोय, तो मोडला जात नाहीये. त्यामुळे तिथेही फारसं हाती लागणार नाही.

विचारायचं ते पैसे देणाऱ्याला: देताना तुम्ही फ्रेंच समुदायाची काय काळजी घेतली? हा प्रश्न न्यायालयात टिकतो, हे ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रँकोफोन फेडरेशनने दाखवून दिलं आहे. त्यांची हकीकत तुमच्याशी इतकी जुळते की ती सविस्तर सांगतो.

तिथे फ्रेंच भाषकांच्या काही स्थानिक संस्था फेडरल पैशांवर रोजगार-मदत केंद्रं चालवत होत्या. २००८ साली फेडरल सरकार आणि प्रांत यांच्यात श्रमबाजार विकास करार झाला आणि हे काम प्रांताकडे गेलं. पुढे २०१२ च्या सुमारास प्रांताने सगळी केंद्रं एका नव्या छत्राखाली आणली आणि फ्रेंच संस्थांचे करार संपले. फेडरेशनने आधी आयुक्तांकडे तक्रार केली आणि मग ते फेडरल न्यायालयात गेले. २०१८ मध्ये ते हरले. न्यायाधीश म्हणाले की कायद्याच्या सातव्या भागातली, अल्पसंख्य भाषक समुदायांसाठी ‘सकारात्मक उपाय’ करण्याची जबाबदारी मोघम आहे, आणि ती नेमकी करणारे नियमच सरकारने बनवलेले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. मुख्य न्यायमूर्ती मार्क नोएल यांनी जबाबदारीचे दोन टप्पे सांगितले. आधी फेडरल संस्थेने अल्पसंख्य समुदायाची परिस्थिती समजून घ्यायची आणि आपल्या निर्णयाचा त्याच्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं. मग शक्य तेवढं त्या समुदायाला बळ द्यायचं, आणि नुकसान होणार असेल तर ते टाळायचं किंवा कमी करायचं. करारातली भाषेची ओळ ‘पुरेशी मागणी असेल तिथे दोन्ही भाषांत सेवा’ अशा धर्तीची होती. समुदायाच्या संस्था टिकवण्याच्या दृष्टीने ती अपुरी ठरली. नुकसान दिसत असूनही हस्तक्षेप करता येईल असा अधिकार फेडरल सरकारने स्वतःकडे ठेवला नव्हता, हे न्यायालयाला विशेष खटकलं. आदेश करार संपवण्यापर्यंत गेला.

या निकालातली एक बाजू मात्र तुमच्या विरोधात आहे. प्रांत हे काम फेडरल सरकारच्या ‘वतीने’ करतो, म्हणून कलम २५ आणि चौथा भाग (लोकांना दोन्ही भाषांत सेवा देण्याचा) लागू होतो, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. प्रांत स्वतःच्या अधिकारात काम करतो, असं ते म्हणाले. म्हणून तक्रारीचा सगळा भार सातव्या भागावर ठेवा, कलम २५ ला फार तर एक परिच्छेद द्या.

त्यानंतर जून २०२३ मध्ये कायदाच सुधारला आणि या निकालातली बरीच चौकट त्यात आली. प्रांतांशी निधीचे करार करताना भाषेची कलमं करारात यावीत यासाठी फेडरल संस्थांनी पावलं उचलायची, असंही त्यात म्हटलं आहे. नीट वाचा: कलम यावं यासाठी प्रयत्न करणं बंधनकारक आहे, कलम येणं नाही. फ्रेंच संस्थांनी सक्तीचा आग्रह धरला होता, तो पूर्ण झाला नाही. माझ्या मते ही सुधारणेतली सगळ्यात कच्ची जागा आहे. पण प्रयत्न केला की नाही याचा पुरावा मागता येतो, आणि तो नसेल तर तोच तुमचा मुद्दा होतो.

तक्रार लिहिण्याआधी एक शोध घ्या: तुमचे पैसे नेमके कुठल्या करारातून येतात? एक करार एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सच्या (बेरोजगारी विम्याच्या) खात्यातून चालतो, दुसरा, म्हणजे वर्कफोर्स डेव्हलपमेंट करार, सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून. पहिला असेल तर एक जास्तीचं हत्यार मिळतं. पुरेशी मागणी असेल तिथे मदत दोन्ही अधिकृत भाषांत मिळावी, हे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स अ‍ॅक्टच्या कलम ५७ मध्येच लिहिलेलं आहे. दोन्ही करारांचे मसुदे सार्वजनिक आहेत. त्यातली भाषेची ओळ, हिशेब देण्याची ओळ आणि करार संपवण्याची ओळ, या तीन ओळींची पानं तक्रारीला जोडा. हिशेबाची ओळ कोरडी वाटते, पण खरी भानगड बहुधा तिथेच असते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात फ्रेंच शाळांसाठी आलेले सुमारे १९ लाख डॉलर इंग्रजी मुलांच्या फ्रेंच इमर्शनकडे (त्यांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याकडे) वळवल्याचा ठपका २०११ मध्ये खालच्या न्यायालयाने ठेवला होता. ते निकालपत्र पुढे न्यायाधीशांच्या पक्षपाताच्या शंकेवरून रद्द झालं आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. पण पैसा एका नावाने येतो आणि दुसरीकडे जातो, ही तक्रार कॅनडाभर नवी नाही.

‘फ्रेंच बोलणारा एक कर्मचारी’ या मुद्द्यावर मात्र तुम्ही स्वतः लिहायला हवं, वकिलाने नाही. २००९ च्या डेरोशे खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की समान सेवा म्हणजे दर वेळी एकसारखी सेवा नव्हे. समुदायाच्या गरजेप्रमाणे तिचा आशयही वेगळा असू शकतो. तो खटला चौथ्या भागाखालचा, पण विचार इथेही उपयोगी आहे. तुमच्याकडे येणारा माणूस कोण असतो? कॅमेरून, मोरोक्को, हैतीहून नुकताच आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा. केंद्रात त्याला नोकरीसोबत घर, डॉक्टर आणि मुलांची फ्रेंच शाळाही कळते. असे किती लोक येतात, किती जणांना काम लागतं, इंग्रजी केंद्रात फ्रेंच माणूस भेटायला किती दिवस लागतात, हे आत्तापासून नोंदवा. आणि फेडरल सरकारला त्यांचाच आकडा दाखवा. फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांताबाहेर येणाऱ्या स्थलांतरितांत २०२४ साठी ६ टक्के फ्रेंच भाषक असावेत, हे लक्ष्य त्यांनीच ठेवलं होतं. तुम्हालाही त्याच धोरणाने इथे आणलं.

नाव उघड होण्याची भीती वाटत असेल तर ती ठेवू नका, आयुक्तांची चौकशी खाजगीत चालते. तरी माझ्या मते तक्रार संस्थेने करावी आणि तुम्ही सोबत दुसरी करावी. तक्रार केलेल्यालाच याच भाषा कायद्याच्या कलम ७७ खाली न्यायालयात जाता येतं. आयुक्तांचा निष्कर्ष कळल्यापासून ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांत निष्कर्षच कळला नाही, तर थांबायची गरज नाही. खर्चासाठी कोर्ट चॅलेंजेस प्रोग्रामकडे अर्ज करा. भाषिक हक्कांच्या खटल्यांनाही तो मदत करतो. आणि खटल्यात महत्त्वाचं नवं तत्त्व उभं राहिलं, तर हरल्यावरही न्यायालय तुम्हाला खर्च देववतं, कलम ८१. वेळेबद्दल मात्र भ्रमात राहू नका. ब्रिटिश कोलंबियातल्या लोकांची तक्रार ते अपिलाचा निकाल, यात दहाएक वर्षं गेली. तेवढ्यात केंद्र बंद पडून माणसं विखुरतात. म्हणून तक्रारीच्या दिवशीच फेडरल खात्याला वेगळं पत्र टाका: पुढचा करार होईपर्यंत संस्थेला थेट निधी द्या. ही वाट न्यायालयाबाहेरची आहे, आणि लवकर फळ देऊ शकेल अशी तीच.

तुमच्या मावसभावाला सांगा, ‘आमच्यासारखंच’ हे पूर्ण खरं नाही. भारतात घटनेच्या कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत, त्यांचं एक कार्यालय बेळगावातही होतं. पण त्यांचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि संसदेपुढे जातो. तक्रारदाराने तो घेऊन न्यायालयात जावं, अशी कलम ७७ सारखी वाट तिथे नाही. शिवाय इथे फ्रेंच ही देशाची अधिकृत भाषा आहे, कर्नाटकात मराठी राज्याची नाही. त्यामुळे त्यांची लढाई तुमच्यापेक्षा अवघड आहे.

राहिलं ते समापनपत्र. अशा कागदाच्या शेवटी बहुधा ‘यापुढे कुठलाही दावा राहिलेला नाही’ अशा अर्थाची ओळ असते. तुमच्या हक्काची तक्रार फेडरल सरकारविरुद्ध आहे, म्हणून तिला धक्का लागू नये. पण ओळ ढोबळ असेल तर समोरचा वकील ती वापरणारच. संस्थेच्या मंडळाला सांगा, ती ओळ फक्त शेवटच्या हप्त्याच्या हिशेबापुरती मर्यादित करून मागा, आणि तसं लेखी मिळेपर्यंत सही थांबवा. महिनाअखेर ही प्रांताची सोय आहे, कायद्याची मुदत नाही.