सूर, सुई आणि सूत

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये सूर मारणारा टॉम डेली विणकामाचे संच विकतो, असं वाचलं. आमच्या बचत गटातल्या बायकांना क्रोशा येतो. आम्ही तसे संच काढावेत का? (वेंगुर्ले)

उत्तर : काढा, पण तो नेमकं काय विकतो ते आधी बघा. डेली 14व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला उतरला, विणायला शिकला तो थेट 2020च्या लॉकडाउनमध्ये. टोकियोत मॅटी लीबरोबर 10 मीटर उंचीवरून जोडीने सूर मारण्याच्या प्रकारात सुवर्ण घेतलं आणि पदकावर चरे पडू नयेत म्हणून पिशवी विणली. 2022 साली विक्रीला आणले ते मात्र संच, म्हणजे धागा, सुया आणि सूचना; विणायचं गिऱ्हाइकाने. (धंदा सांभाळून 2024ला पॅरिसमध्ये रौप्यही मिळवलं, हे वेगळंच.) तयार कपड्यात मजुरी तुमची, संचात गिऱ्हाइकाची.

मोबाइलच्या पिशवीपासून सुरुवात करा. लोकर नको, सुती धागा घ्या. नमुना विणून काट्यावर तोला. 40 ग्रॅम भरला तर संचात 48 ग्रॅम धागा द्या, कारण सैल हाताची बाई जास्त धागा खाते आणि शेवटच्या दोन ओळींना सूत संपलं की शिव्या तुम्हाला. एका संचातल्या लड्या एकाच डाय लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या हव्यात. लेबलवरचा नंबर जुळवा, नाहीतर पिशवी मध्येच रंग बदलते.

शिकाऊ हाताला पहिली साखळीच जमत नाही, म्हणून पहिल्या दोन ओळी विणूनच द्या. दुसरी हमखास चूक म्हणजे ओळीच्या टोकाचा टाका सुटतो आणि पिशवीचा त्रिकोण होतो. सूचनेत प्रत्येक ओळीपुढे टाक्यांचा आकडा छापा, खूण करायला एक सेफ्टी पिन टाका.

राहता राहिला आपला पाऊस. लोखंडी सुई गंजते, अ‍ॅल्युमिनियमची द्या. आणि पावसाळी दिवशी संचाची पाकिटं सीलबंद करू नका. आत कोंडलेल्या दमटपणाने सुताला कुबट वास धरतो.

प्रश्न : मुलगा धक्क्यावरून सूर मारतो. ऑलिंपिकची तयारी म्हणून चालेल का? (मालवण)

उत्तर : नाही. 10 मीटर उंच फलाटावरून सूर मारून पाण्यात शिरताना वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर असतो, म्हणून त्या फलाटाखाली जवळपास 5 मीटर खोल पाणी ठेवतात. धक्क्याखाली खडक असतात, शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज चार वाजता जिथे पुरुषभर पाणी आहे, तिथे आठवड्याने चारलाच कंबरभर असेल.