जर्मनीतली चर्चं निर्वासितांना मदत करतात, ती शेवटी धर्मांतरासाठीच ना?

तुमचा संशय मला नवा नाही. मी मूळची नगरची, घरात तिसऱ्या पिढीपासून ख्रिस्ती, त्यामुळे हा प्रश्न शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. आता सात वर्षं बर्लिनला राहते आणि दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या सभागृहात आश्रय मागणाऱ्यांची कागदपत्रं वाचायला बसते. तिथे जे बघते ते सांगते.

बुधवारचं निम्मं काम पिवळ्या पाकिटांचं. आश्रयाच्या अर्जावरचा निर्णय इथे पिवळ्या पाकिटातून येतो. पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो आणि कोर्टात जाण्याची मुदत त्या तारखेपासून धरतात. साधारण दोन आठवडे, काही प्रकरणांत एकच. नवा माणूस पत्र जिवापाड जपतो आणि पाकीट फेकून देतो. एका अफगाण मुलाने तेच केलं होतं. पत्र चार घड्या घालून खिशात, पाकीट गायब. त्याच्या वसतिगृहामागची कागदांची निळी कचरापेटी आम्ही दोघांनी उपसली. पाकीट सापडलं, वर बॉलपेनने तारीख लिहिलेली. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. त्या रात्रीच वकिलांना फोन लावला.

त्याला जर्मन येत नव्हतं, मला दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, येत नाही. पण कागद, तारीख, मुदत, अर्ज, वकील, हुकूम हे शब्द आम्हा दोघांचेही होते. आपल्याकडे ते फारसीतून आले, त्याच्याकडे ते घरचेच. इतक्या वर्षांत आपली भाषा मला एवढी उपयोगी दुसरीकडे कुठे पडली नसेल. तो मुलगा मुसलमान आहे, आजही आहे. त्याला कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

धर्मांतरं होतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. २०१५ च्या सुमारास इराणी आणि अफगाण लोक मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेऊ लागले. बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागातल्या एका चर्चची तर त्यासाठी जगभर चर्चा झाली. इथेच सावध राहावं लागतं. इराणमध्ये इस्लाम सोडणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे बाप्तिस्म्याचा दाखला आश्रयाच्या प्रकरणात वजनदार ठरतो. केवळ कागदासाठी येणारेही असतात. बाप्तिस्मा चर्चच्या दृष्टीने वैध आहे की नाही हे सरकारी कोर्टाने ठरवायचं नाही, पण त्या माणसाच्या आयुष्यात श्रद्धेला किती जागा आहे हे कोर्ट तपासू शकतं, असं घटनात्मक न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. आमच्या पाळकबाई घाई करणाऱ्याला थांबवतात. कित्येक महिने शास्त्राचा अभ्यास, रविवारची उपासना, मग बोलू, असं त्या सांगतात. एकदा बाहेरच्या एका गटाने धान्याच्या पिशव्यांत पत्रकं सरकवली होती. बाईंनी आम्हाला शेजारी बसवून एकेक पिशवी उघडायला लावली आणि सगळी पत्रकं काढली. भुकेल्या माणसासमोर शास्त्र धरून त्याच्याकडून होकार घेणं मला पाप वाटतं, आणि असं करणारे आमच्यात आहेत याचं दुःखही होतं.

दुसरं काम चर्चमधल्या आसऱ्याचं. १९८३ मध्ये बर्लिनच्या कोर्टात केमाल आल्टुन या तुर्की तरुणाने, आपल्याला तुर्कस्तानच्या हवाली करतील या भीतीने, सहाव्या मजल्यावरून उडी टाकली. त्याच वर्षी बर्लिनच्याच क्रॉयझबर्ग भागातल्या होली क्रॉस चर्चने हद्दपारीच्या तोंडावर असलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांना आत घेतलं, आणि तिथून ही रीत पडली. याला कायद्याचा आधार नाही, सरकार ते चालवून घेतं एवढंच. लपवाछपवी मुळीच नसते. माणूस आत आला की त्याचं नाव-पत्ता निर्वासित कार्यालयाला आम्हीच कळवतो. बहुतेक प्रकरणं डब्लिन नियमाची असतात. साधारणपणे युरोपात माणूस ज्या देशात आधी शिरला, त्याच देशाने त्याचा अर्ज ऐकायचा, असा तो नियम. सहा महिन्यांत परत पाठवता आलं नाही तर जर्मनीला ऐकावं लागतं. म्हणजे सहा महिने राहून मिळते ती फक्त सुनावणी.

आमच्याकडे एक सीरियन बाई होत्या. बल्गेरियात त्यांना कोंडून ठेवलं होतं, मारलं होतं, आणि तिकडेच परत पाठवणार होते. संडे स्कूलच्या खोलीत, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीशी रचून, आम्ही त्यांची खाट लावली. नमाज त्या तिथेच पढायच्या, आणि रविवारी मुलं यायच्या आधी चटई गुंडाळून ठेवायच्या. ती चटई त्यांना पाळकबाईंनीच आणून दिली होती. आजारी पडल्या तेव्हा मंडळीतल्या एका डॉक्टरांनी येऊन तपासलं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर पोलीस धरू शकत होते, म्हणून अंगणातल्या गुलाबांपलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. रोज संध्याकाळी कॅलेंडरवर एक काट मारायच्या.

मुदत संपली त्या सकाळी मला घेऊन बाहेर पडल्या. फाटकासमोर बेकरी आहे. सहा महिने त्यांना तिचा नुसता वास येत होता. दोन पाव घेतले, एक मला दिला, आणि मग आम्ही सुनावणीच्या तारखेचं विचारायला गेलो.