वाळूत तंबू कसा टिकवायचा?

प्रश्न : डिसेंबरच्या पौर्णिमेला आम्ही चौघे दिवेआगरच्या समुद्रकिनारी तंबू लावून राहणार आहोत. वाळूत खुंट्या टिकतील का?

उत्तर : नेहमीच्या बारीक खुंट्या कोरड्या भुसभुशीत वाळूत पहिल्याच झोताला उपसतात. त्याऐवजी कापडी पिशवीत ३-४ किलो वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, दीड फूट खड्ड्यात पुरा आणि वरची वाळू पायाने दाबून घ्या. ओली वाळू असेल तर उत्तम.

मात्र पौर्णिमेला उधाणाची भरती असते, तीही मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे ऐन झोपेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते : अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता; पौर्णिमेला पंधराची, म्हणजे सव्वाअकरा. कोरड्या शेवाळाची आणि काटक्यांची शेवटची रेघ दिसेल, तिच्याही बऱ्याच वर, सुरूच्या बनाकडे तंबू लावा. पण वाळक्या फांद्यांखाली नको. चूल तर तिथे मुळीच नको. सुरूचा पाचोळा भुरकन पेटतो.

थंडीपेक्षा दव जास्त छळते. बाहेरचे आच्छादन ताणून आतल्या कापडापासून सुटे ठेवा, झडपा किंचित उघड्या ठेवा. सगळे बंद केलेत तर श्वासाचीच वाफ पहाटे अंगावर ठिबकते. पिण्याचे पाणी माणशी ४ लिटर घ्या. ग्रामपंचायतीत आधी विचारायला विसरू नका.